डॉ. होमी भाभा : काळ, काम आणि पैसा यांचं एकत्र गणित



३० ऑक्टोबर जवळ आला की शाळाशाळांतून डॉ. होमी भाभा यांच्यावरची भाषणं सुरू होतात. जन्म कुठे झाला, शिक्षण कुठे झालं, अणुऊर्जेचे जनक कोण, विमान अपघात कधी झाला, एवढं मुलं पाठ करून म्हणतात आणि आपण टाळ्या वाजवतो. त्यात चूक काहीच नाही. पण भाभांच्या आयुष्याची एक बाजू या भाषणांत कधी येत नाही. भाभा जसे शास्त्रज्ञ होते तसेच ते मोठमोठी कामं उभी करणारे माणूस होते. हाती असलेला पैसा आणि हाती असलेला वेळ ही दोन्ही एकत्र सांभाळायची असतात, हे त्यांना फार चांगलं कळलेलं होतं. आपल्या गणिताच्या पुस्तकात काळ-काम-वेग हा एक धडा असतो आणि व्याज हा दुसरा. मुलं दोन्ही सोडवतात, पण दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे हे त्यांना कुणी सांगत नाही. भाभांचं चरित्र त्यासाठी उत्तम उदाहरण आहे. म्हणून आजचा हा लेख.

आधी आपली कांदाचाळ

भाभांकडे जाण्याआधी आपल्या कळवणमधलंच उदाहरण घेऊ. आपल्याकडे उन्हाळ कांदा निघाला की तो चाळीत भरतात आणि भाव बघून पुढे दिवाळीपर्यंत थोडा थोडा विकतात. समजा, एका शेतकऱ्याने चाळ बांधायला २ लाख रुपये कर्ज काढलं, व्याज वर्षाला १२ टक्के. चाळ एप्रिलमध्ये तयार व्हायला हवी होती. पण पत्रे उशिरा आले, मिस्त्री लग्नसराईत अडकला, आणि चाळ जूनच्या अखेरीस उभी राहिली. खर्चाची वही उघडली तर सगळं ठीक दिसतं. खर्च २ लाखांतच झालाय. पण कांदा तर एप्रिलमध्येच निघाला होता! तो मिळेल त्या भावाने विकावा लागला, काही पावसात भिजला. आणि रिकाम्या चाळीवर व्याज मात्र चालूच राहिलं.

शेजारच्या शेतकऱ्याने काय केलं? त्याने पत्रे जरा महाग पण गावातूनच घेतले, दोन मजूर जास्त लावले. त्याचा खर्च २० हजारांनी वाढला, पण चाळ वेळेत झाली आणि कांदा आत गेला. आता मुलांना विचारा, स्वस्त चाळ कुणाची? खर्चाची वही पाहिली तर पहिल्याची. पण खर्च आणि वेळ या दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तर दुसऱ्याची. एवढं मुलांना कळलं की पुढचं चरित्र सोपं जातं.

बालपण आणि शिक्षण

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख होते. वडील जहांगीर हे बॅरिस्टर. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. घरात पुस्तकं भरपूर, चित्रं आणि पाश्चात्त्य संगीतही भरपूर. होमी स्वतः उत्तम चित्रं काढत. त्यांचं शालेय शिक्षण कॅथेड्रल अँड जॉन कॉनन शाळेत आणि पुढचं एल्फिन्स्टन कॉलेज व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये झालं.

१९२७ मध्ये ते इंग्लंडला केंब्रिजला गेले. वडिलांची आणि टाटांची इच्छा अशी की मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावं. होमींचा जीव मात्र गणितात आणि भौतिकशास्त्रात. वडिलांनी रागावून विषय बंद केला नाही. त्यांनी अट घातली की आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग गणितासाठी मी आणखी पैसे देतो. होमींनी १९३० मध्ये इंजिनिअरिंगची आणि १९३२ मध्ये गणिताची परीक्षा पहिल्या वर्गात दिली. पालकांनी हा प्रसंग जरूर लक्षात घ्यावा. पुढे अणुभट्ट्या उभारताना भाभांना समीकरणही कळत होतं आणि यंत्राचा नकाशाही कळत होता, त्याचं मूळ वडिलांच्या या अटीत आहे.

केंब्रिजमध्ये त्यांनी विश्वकिरणांवर काम केलं. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी मांडलेला सिद्धांत जगभर गाजला. १९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. परत जाणं जमलं नाही. मग ते बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन यांच्याकडे काम करू लागले. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांची रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवड झाली.

इमारतीसाठी थांबले नाहीत

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिलं. मूलभूत संशोधनासाठी देशात एक चांगली संस्था हवी, आणि काही दशकांनी अणुशक्तीपासून वीज बनू लागेल तेव्हा भारताला त्यासाठीची माणसं बाहेरून आणावी लागू नयेत, ती इथेच तयार असावीत, असा त्या पत्राचा आशय होता. वर्ष लक्षात घ्या. हिरोशिमावर बॉम्ब पडायला अजून सव्वा वर्षाहून जास्त अवकाश होता. देश स्वतंत्र नव्हता. अणुवीज जगात कुठेच नव्हती.

ट्रस्टने होकार दिला आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. आधी बंगळुरूला, मग त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ या बंगल्यात. आज कुलाब्याला समुद्रकाठी संस्थेची जी देखणी वास्तू दिसते तिचं उद्घाटन १९६२ मध्ये झालं. म्हणजे इमारत यायला सतरा वर्षं लागली, पण काम पहिल्या दिवसापासून सुरू होतं. माणसं जमवली, त्यांना शिकवलं, परदेशी पाठवलं, आणि इमारत मागून आली. आपल्याकडे बरेचदा उलटं होतं. आधी इमारत, मग उद्घाटन, मग त्यात काय करायचं याचा शोध. ज्या गोष्टीला सगळ्यात जास्त वेळ लागतो ती आधी सुरू करायची, हा वेळापत्रकाचा पहिला नियम. देशात सगळ्यात जास्त वेळ लागणार होता तो माणसं तयार व्हायला. म्हणून भाभांनी तेच आधी हाती घेतलं. पुढे १९५७ मध्ये ट्रॉम्बेला प्रशिक्षण शाळा सुरू झाली. दरवर्षी निवडक तरुण इंजिनिअर आणि विज्ञान पदवीधर तिथून शिकून बाहेर पडू लागले. वीजकेंद्राचा एकही पाया खणायच्या आधीची ही गोष्ट आहे.

अप्सरा : दीड वर्षाच्या आत

स्वातंत्र्यानंतर १० ऑगस्ट १९४८ रोजी अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये अणुऊर्जा विभाग निघाला. तो थेट पंतप्रधानांच्या हाताखाली होता आणि भाभा त्याचे सचिव. कार्यालय दिल्लीत न ठेवता मुंबईत ठेवलं, म्हणजे जिथे काम तिथेच कचेरी.

मार्च १९५५ मध्ये ठरलं की ट्रॉम्बेला एक छोटी संशोधन अणुभट्टी बांधायची. कमाल शक्ती १ मेगावॅट. पाण्याच्या मोठ्या हौदात इंधन बुडवून ठेवायचं, असा साधा प्रकार निवडला. आता इथे एक निर्णय बघण्यासारखा आहे. भट्टीचा आराखडा, हौद, इमारत, नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हे सगळं आपल्या लोकांनी बनवायचं ठरलं. इंधन मात्र ब्रिटनकडून घ्यायचं. इंधनही आपणच बनवू असं म्हटलं असतं तर आणखी कित्येक वर्षं गेली असती. आणि सगळंच विकत घेतलं असतं तर आपले लोक काही शिकले नसते. काय विकत घेऊन वेळ वाचवायचा आणि काय स्वतः बनवून शिकायचं, हे भाभांनी आधीच ठरवलं होतं.

४ ऑगस्ट १९५६ रोजी दुपारी भट्टी सुरू झाली. निर्णयापासून दीड वर्षाच्या आत! सोव्हिएत संघ सोडला तर आशियातली ती पहिली अणुभट्टी. पाण्यातला निळा प्रकाश पाहून पंडित नेहरूंनी तिला अप्सरा हे नाव दिलं. पुढे कॅनडाच्या मदतीने बांधलेली ४० मेगावॅटची सायरस भट्टी जुलै १९६० मध्ये सुरू झाली.

पैशाचा माणूस त्याच टेबलावर

आता चरित्रातला असा भाग सांगते जो भाषणांत कधी येत नाही, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे.

सरकारी काम कसं चालतं हे आपण शिक्षकांना कुणी सांगायला नको. वर्गखोली दुरुस्तीचा प्रस्ताव एका टेबलावर, त्याचा निधी दुसऱ्या टेबलावर. प्रस्ताव मंजूर होतो तेव्हा निधी नसतो. निधी येतो तेव्हा मार्च संपत आलेला असतो. पैसा सांभाळणाऱ्याला वेळेचं दुःख नसतं आणि काम करणाऱ्याला पैशाचा अंदाज नसतो. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात, तरी काम रखडतं.

१ मार्च १९५८ रोजी सरकारने अणुऊर्जा आयोगाची नव्याने रचना केली. संसदेने मंजूर केलेल्या रकमेच्या आत खर्च करण्याचे पूर्ण अधिकार आयोगाला मिळाले. दर खरेदीसाठी दिल्लीच्या अर्थखात्याची वाट बघायची गरज उरली नाही. पण याचा अर्थ मोकळं रान असा नव्हता. आयोगातच एक सदस्य अर्थविषयक कामासाठी नेमला गेला, आणि अणुऊर्जा विभागाच्या पैशाच्या बाबतीत सरकारचे अधिकार त्याला दिले. अध्यक्षांना बाकी सदस्यांचं मत बाजूला ठेवण्याचा अधिकार होता. मात्र पैशाच्या एखाद्या गोष्टीवर अर्थसदस्याला पटलं नाही तर तो ती पंतप्रधान आणि अर्थमंत्र्यांकडे पाठवायला सांगू शकत होता.

किती विचारपूर्वक केलेली रचना आहे बघा. खर्चाची वही आणि वेळेची वही एकाच टेबलावर आली. भट्टी बांधणारा इंजिनिअर जेव्हा सांगतो की हे यंत्र तीन महिने उशिरा आलं तर पुढचं सगळं अडेल, तेव्हा पैशाचा माणूस ते तिथेच ऐकतो. आणि अंदाज फुगलेला असेल तर तो तिथेच विचारतोही. कांदाचाळीच्या उदाहरणात घरधनी आणि घरधनीण रात्री जेवताना जे बोलतात, तेच इथे देशाच्या पातळीवर झालं.

तारापूर : वेळ विकत घेतली

वीज बनवायची म्हणजे आता मोठी भट्टी हवी. भाभांचं म्हणणं साधं होतं. देशातल्या मोठ्या कोळशाच्या खाणी पूर्वेकडे, बिहार-बंगालच्या भागात. मुंबई आणि गुजरातचे कारखाने पश्चिमेला. तिथून इथपर्यंत रेल्वेने कोळसा आणायचा म्हणजे वीज महाग पडते. खाणींपासून इतक्या लांब अणुवीज परवडू शकेल. म्हणून जागा निवडली ती मुंबईच्या उत्तरेला समुद्रकाठचं तारापूर. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघर जिल्ह्यात आहे. आपल्या नाशिकहून त्र्यंबक, जव्हार करत घाट उतरून गेलं की बोईसरजवळ ते लागतं.

इथे मुलांना अणुवीज केंद्राचं आर्थिक गणित समजावून सांगावं लागेल. कोळशाच्या केंद्रात बांधकामाचा खर्च तुलनेने कमी, पण कोळसा रोज विकत घ्यावा लागतो. अणुकेंद्रात उलटं आहे. इंधन थोडं लागतं, पण बांधकामाचा खर्च प्रचंड. तो सगळा पैसा पहिल्या दिव्याचं बटण दाबायच्या आधी घालावा लागतो. आणि तो बहुतेक कर्जाचा असतो. काम चालू असताना उत्पन्न शून्य, व्याज मात्र सुरू.

एक काल्पनिक गणित करू. समजा एका केंद्रावर ५,००० कोटी रुपये खर्च होऊन गेलेत आणि फक्त एका झडपेसाठी काम अडलंय. व्याज वर्षाला १० टक्के धरलं तर वर्षाचे ५०० कोटी झाले. दिवसाचे किती? सुमारे १ कोटी ३७ लाख रुपये! म्हणजे त्या झडपेची किंमत दहा लाख असो की वीस लाख, ती स्वस्त मिळावी म्हणून एक महिना घासाघीस केली तर साधारण ४१ कोटी व्याजात गेले. वर्गात हे गणित फळ्यावर मांडा. मुलं क्षणभर गप्प होतात. व्याज आणि काळ-काम-वेग हे दोन धडे एकत्र आले की काय होतं ते त्यांना दिसतं.

भाभांनी १९६० मध्ये जगभरातून निविदा मागवल्या. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीची निवड झाली. १९६३ मध्ये भारत-अमेरिका करार झाला आणि १९६४ मध्ये कंपनीशी ठेका झाला. ठेका कसा? कंपनीने ठरलेल्या किमतीत केंद्र पूर्ण बांधून, चालवून दाखवून, किल्ली आपल्या हातात द्यायची. उशिराचा आणि वाढीव खर्चाचा मोठा बोजा अशा ठेक्यात बांधणाऱ्याच्या अंगावर राहतो. शिवाय अमेरिकेकडून ८ कोटी डॉलरचं कर्ज मिळालं, तेही अगदी कमी व्याजाचं आणि लांब मुदतीचं. वर जे व्याजाचं गणित केलं ते आठवा, म्हणजे या कर्जाची किंमत कळेल.

तारापूरच्या दोन्ही भट्ट्या फेब्रुवारी १९६९ मध्ये सुरू झाल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नियमित वीज देऊ लागल्या. ठेक्यापासून साधारण पाच वर्षं. १९ जानेवारी १९७० रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी केंद्र राष्ट्राला अर्पण केलं. पुढे सुमारे पन्नास वर्षं त्या भट्ट्यांनी महाराष्ट्र आणि गुजरातला वीज दिली.

राजस्थान : वेळ देऊन शिकले

मग सगळी केंद्रं अशीच का नाही बांधली? कारण तारापूरचं तंत्र आणि इंधन दोन्ही बाहेरचं होतं. भाभांना ते कायमचं नको होतं. म्हणून तारापूरच्या जोडीलाच १९६३ च्या डिसेंबरमध्ये कॅनडाशी करार झाला आणि राजस्थानात कोट्याजवळ रावतभाट्याला दुसऱ्या प्रकारची भट्टी घ्यायचं ठरलं. ती नैसर्गिक युरेनियमवर चालते. ते युरेनियम आपल्या देशात मिळतं. आणि इथे जास्तीत जास्त भाग भारतीय कारखान्यांनी बनवायचे असं धोरण ठेवलं.

इथे वेळ लागला. आपल्या कारखान्यांनी असं काम कधी केलंच नव्हतं. पहिली भट्टी ऑगस्ट १९७२ मध्ये सुरू झाली, आणि नियमित वीज १९७३ च्या शेवटी आली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने मदत थांबवली. दुसरी भट्टी आपल्या लोकांनी पूर्ण केली, पण तिला १९८१ उजाडलं. खर्चाच्या आणि वेळेच्या हिशेबाने पाहिलं तर हे काम तारापूरपेक्षा मागे पडलं. पण पुढच्या भट्ट्या स्वतःच्या बळावर बांधायला देश शिकला तो याच कामातून. तारापूरला भाभांनी पैसा देऊन वेळ घेतली, राजस्थानात वेळ देऊन विद्या घेतली. दोन्ही एकाच वेळी, एकाच माणसाने ठरवलं होतं.

जिथे अंदाज चुकला

चरित्र सांगताना फक्त गौरव सांगितला तर मुलांना ते देवाची गोष्ट वाटते. भाभांचे अंदाज चुकलेही. १९५४ च्या सुमारास त्यांनी असं मांडलं होतं की १९८० पर्यंत देशात ८,००० मेगावॅट अणुवीज असेल. प्रत्यक्षात १९८० मध्ये तारापूरच्या दोन आणि राजस्थानची एक अशा तीनच भट्ट्या चालू होत्या. त्यांची मिळून क्षमता साडेसहाशे मेगावॅटपेक्षाही कमी होती. कारखाने तयार व्हायला, माणसं तयार व्हायला, परदेशी मदत टिकायला किती वेळ लागेल याचा हिशेब फार आशेने केला होता. दीड वर्षात अप्सरा झाली म्हणून दोनशे पट मोठं कामही त्याच चालीने होईल असं नसतं. मोठ्या कामात शेकडो कामं एकमेकांवर अवलंबून असतात आणि एक अडलं की मागचं सगळं अडतं.

आणखी एक खर्च आहे जो कोणत्याच वहीत नीट लिहिला जात नाही. तारापूरला पुढे नव्या भट्ट्या आल्या तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवावी लागली. शेती आणि मासेमारीवर जगणारी ती माणसं होती. आपल्या तालुक्यात धरणांमुळे ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. मुलांनी हिशेब शिकताना हेही शिकावं.

अकाली शेवट

२४ जानेवारी १९६६ रोजी भाभा व्हिएन्नाच्या बैठकीसाठी निघाले होते. एअर इंडियाचं कांचनजंगा हे विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. विमानातले सगळे ११७ जण गेले. भाभा ५६ वर्षांचे होते. तारापूरचं बांधकाम तेव्हा अर्धवट होतं, राजस्थानचं नुकतंच सुरू झालं होतं. आपण योजलेल्या वीजकेंद्रातून निघालेली वीज त्यांनी एक दिवसही पाहिली नाही.

तरी काम थांबलं नाही. ज्यांना शिकवून तयार केलं होतं ती माणसं जागेवर होती आणि निर्णय घेण्याची रचना जागेवर होती. १९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या संस्थेला भाभांचं नाव दिलं गेलं. तेच आजचं भाभा अणुसंशोधन केंद्र.

पुढच्या काळाची दोन उदाहरणं

तारापूरलाच पुढे ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्या पूर्ण भारतीय बनावटीच्या बांधल्या. काम २००० मध्ये सुरू झालं आणि त्यातली पहिली मार्च २००५ मध्ये, पाच वर्षांत, ठरल्या वेळेच्या आधी सुरू झाली. तोपर्यंत देशाने तशा प्रकारच्या बऱ्याच भट्ट्या बांधून हात बसवलेला होता.

दुसरं उदाहरण तमिळनाडूतल्या कल्पाक्कमचं. तिथली ५०० मेगावॅटची शीघ्र प्रजनक भट्टी २००३ मध्ये ३,४९२ कोटी रुपयांना मंजूर झाली आणि २०१० मध्ये पूर्ण व्हायची होती. २०१२ मध्ये तिचा खर्च सुधारून ५,६७७ कोटी करावा लागला. भट्टीचा गाभा भरायला सुरुवात झाली ती मार्च २०२४ मध्ये. देशातली ती तशी पहिलीच मोठी भट्टी. पहिल्यांदा करत असलेल्या कामाला जास्त वेळ धरावा लागतो आणि तो आधीच धरावा लागतो, एवढं यातून घ्यायचं.

वर्गात हे कसं घ्यावं?

आठवी-नववीच्या मुलांसाठी एक कृती सांगते. पुन्हा कांदाचाळ घ्या. चाळ २० दिवसांत, २ लाख रुपयांत व्हायची आहे. म्हणजे दिवसाला १० हजारांचं काम. दहाव्या दिवशी मालक बघायला गेला. खर्च झालाय १ लाख. मुलांना विचारा, काम बरोबर चाललंय का? बहुतेक मुलं हो म्हणतील. अर्धे दिवस, अर्धा पैसा. आता सांगा की प्रत्यक्षात काम ४० टक्केच झालंय. फळ्यावर तीन आकडे लिहा :

१. आजपर्यंत किती रुपयांचं काम व्हायला हवं होतं? १,००,०००

२. प्रत्यक्षात किती रुपयांचं काम झालं? २ लाखांचे ४० टक्के, म्हणजे ८०,०००

३. त्यासाठी खर्च किती झाला? १,००,०००

पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यातला फरक सांगतो की काम २० हजारांनी, म्हणजे दोन दिवसांनी मागे आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक सांगतो की ८० हजारांच्या कामाला १ लाख लागले. हीच चाल राहिली तर चाळ २५ दिवसांत आणि अडीच लाखांत होईल. मोठमोठ्या प्रकल्पांवर, अणुकेंद्रांवरही, हिशेब ठेवण्याची रीत मुळात हीच आहे. फक्त तिथे एका चाळीऐवजी हजारो लहान कामांचे असे तीन-तीन आकडे ठेवतात. मधला आकडा, म्हणजे प्रत्यक्ष झालेलं काम, प्रामाणिकपणे लिहिणं हेच सगळ्यात अवघड असतं.

पालकांनाही हे घरी करता येईल. घराचं बांधकाम असो, विहीर असो की मुलांचा परीक्षेचा अभ्यास असो. अभ्यासात पैशाच्या जागी तास धरा. किती तास बसला हे विचारण्यासोबत किती धडे खरोखर झाले हेही विचारा.

स्वाध्याय

१. अप्सरा बांधताना भाभांनी कोणती गोष्ट बाहेरून घेतली आणि का?

२. १९५८ च्या रचनेमुळे काम लवकर होण्यास कशी मदत झाली? तुमच्या शब्दांत लिहा.

३. तारापूर आणि राजस्थान या दोन केंद्रांच्या बांधकामातला फरक सांगा. तुम्ही असता तर कोणता मार्ग निवडला असता?

४. तुमच्या गावातलं चालू असलेलं एखादं बांधकाम पाहा. वरचे तीन आकडे त्या कामासाठी काढण्याचा प्रयत्न करा.

यंदाच्या भाषणात एखाद्या मुलाने भाभांच्या जन्मतारखेबरोबर ही १९५८ ची गोष्टही सांगितली तर मला फार आनंद होईल. आपल्या वर्गातले अनुभव जरूर कळवा.